लग्नानंतरचा गोंधळ आणि देवांची यादी

आमच्या घराण्यात मुलाचे लग्न होऊन सून घरात आली, की गोंधळ, म्हणजे देवीपुढे रात्रभर चालणारा गाण्या-आख्यानांचा विधी, घालण्याचा कुळाचार आहे. कुलस्वामिनी तुळजापूरची भवानी, मूळ गाव बार्शी तालुक्यातले आणि मुक्काम मात्र दोन पिढ्यांपासून पुण्यात, अशी आमची स्थिती असल्यामुळे हा कुळाचार हळूहळू नावापुरता उरला होता. माझ्या लग्नाचा गोंधळ गावातल्या वाड्यात तांबडे फुटेपर्यंत चालला होता. पुढे वाडा गेला, चुलत भावंडांची लग्ने पुण्यातल्या मंगल कार्यालयांत उरकली गेली, आणि जोडप्याला तुळजापूरला नेऊन ओटी भरून आणली म्हणजे पुरे, असा सोयीचा तोडगा सर्वांनी मान्य केला. माझ्या मुलाचे लग्न ठरले तेव्हा मात्र आत्याने, म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या बहिणीने, निरोप पाठवला की गोंधळाचा दिवस धरल्याखेरीज आपण लग्नाला येणार नाही. आत्याचे वय ८५ च्या पुढे आहे आणि असे निरोप ती धमकी म्हणून पाठवत नाही, हे आम्हाला ठाऊक असल्याने लग्नानंतरचा शुक्रवार गोंधळासाठी राखून ठेवला. आमच्याकडे गोंधळाला मंगळवार, शुक्रवार किंवा पौर्णिमा लागते. महिना माघाचा होता.

दिवस ठरला, पण गोंधळी कोठून आणायचे हा प्रश्न होता. लग्नसमारंभांचे नियोजन करणाऱ्या एका मंडळींकडे चौकशी केली, तेव्हा त्यांनी दीड तासाचा कार्यक्रम, कलाकारांची संख्या, पोशाखांची छायाचित्रे आणि प्रकाशयोजना यांची माहिती तत्परतेने पाठवली, आणि आपल्या पसंतीची गाणी कळवावीत असे लिहिले. त्यांचे गायक चांगले होते. त्यांनी पाठवलेली चित्रफीत मी पाहिली. आत्याने तीच चित्रफीत पाहिली आणि एकच प्रश्न विचारला, "यांनी आपले देव विचारले का रे?" विचारले नव्हते. त्यांच्याकडे देवांचा ठरलेला क्रम होता आणि तो कोणत्याही घरी चालणारा होता. गोंधळी मिळालेच नाहीत तर घरच्याच माणसांनी काकडे पेटवून, देवीची पदे म्हणून काकड्या गोंधळ घालायचा, हा दुसरा मार्ग परंपरेत आहे, आणि तो धरण्याचीही आमची तयारी होती. पण संबळ, म्हणजे गोंधळ्यांचे चर्मवाद्य, वाजल्याशिवाय आत्याचे समाधान होणार नव्हते.

अखेरीस गोंधळी मिळाले ते आत्याच्याच आठवणीतून. गोंधळ्यांची घराणी आणि त्यांची हक्काची गावे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली असतात. आमच्या गावाचे गोंधळी ज्या गावी राहत, त्याचे नाव तिला ठाऊक होते, आणि त्या गावच्या सरपंचांमार्फत आम्हाला नाईकांचा, म्हणजे गोंधळाच्या मुख्य गायकाचा, संपर्क मिळाला. माझ्या लग्नात ज्यांनी गोंधळ घातला त्यांचेच हे नातू. ते कदमराई गोंधळी. गोंधळ्यांच्या ज्या दोन मुख्य शाखा सांगितल्या जातात, त्यांपैकी तुळजाभवानीशी जोडलेली ती कदमराई आणि माहूरच्या रेणुकेशी जोडलेली ती रेणुराई.

पहिल्याच दूरध्वनीत त्यांनी कार्यालय किती मोठे, पाहुणे किती, यांपैकी काहीही विचारले नाही. त्यांनी विचारले ते असे: कुलस्वामिनी तुळजापूरचीच ना? कुलदैवत कोणता खंडोबा, जेजुरीचा, पालीचा की नळदुर्गचा? देवक, म्हणजे कुळाचे पूज्य चिन्ह, कोणते? गावदेव कोण? शेतातले देव कोणते? देवघरात टाक, म्हणजे देवांच्या धातूच्या लहान प्रतिमा, किती आणि कोणाकोणाचे? परडी, म्हणजे देवीच्या नावाची टोपली, आहे का, आणि असल्यास तीत जोगवा, म्हणजे देवीच्या नावाने भिक्षा, कोण मागते? सूनबाईंच्या माहेरची देवी कोणती आणि देव कोणता? यांतल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी दिले. बाकीच्यांसाठी मुदत मागून घेतली. "सावकाश विचारून सांगा मालक," ते म्हणाले, "पण एक बी देव राहता कामा नये. ज्याला बोलावलं नाही तो रुसतो, आणि रुसलेला देव गोंधळात माझा गळा धरतो."

पुढचे काही आठवडे मी लग्नाच्या पत्रिका वाटता वाटता देवांची चौकशी करीत होतो. गोंधळाच्या सुरुवातीला गणेशाचे स्तवन झाल्यावर गोंधळी गावोगावच्या देवदेवतांना त्यांच्या स्थानांसह आवाहन करतात आणि प्रत्येक नावाला 'गोंधळाला यावे' ही ओळ जोडतात. मोरगावचा मोरया, कोल्हापूरची अंबाबाई, तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, जेजुरीचा खंडेराय, पंढरपूरचा विठोबा ही नावे बहुतेक सर्व गोंधळांत येतात. त्यांच्यानंतर मात्र गाण्यात मोकळी जागा असते आणि ती यजमानाच्या घराण्याने भरायची असते. लहानपणी ऐकलेल्या गोंधळात ही नावे आपोआप येतात असे मला वाटे. ती गोंधळ्याला कोणीतरी आधी सांगितलेली असतात, आणि आमच्या घरात ते सांगणारे माणूस आता एकटी आत्या उरली होती.

आत्याने सांगितलेली यादी मी लिहून घेतली. देवक पंचपल्लव. गावदेव मारुती, वेशीबाहेर मरीआई, बांधावर म्हसोबा. बार्शीचा भगवंत, कारण आजोबा एकादशीला त्याच्या दर्शनाला पायी जात. विहिरीवरच्या साती आसरा, म्हणजे सात जलदेवता. खंडोबा नळदुर्गचा. आसरांचे नाव निघाल्यावर विहीर आता कोणाकडे आहे असा विषय आला. जमीन विकून बरीच वर्षे झाली होती. ज्यांनी ती घेतली त्यांना मी जरा संकोचतच दूरध्वनी केला, तर ते गृहस्थ म्हणाले की विहिरीला आता मोटर बसवली आहे, पण काठावरचे सात दगड तसेच आहेत, अमावास्येला शेंदूर लावला जातो, आणि "तुमच्या नावानं बी एक नारळ फोडतो, काळजी नसावी." हे ऐकून आत्या फारशी हलली नाही. देव जमिनीबरोबर जातात, ते विकत घेणाऱ्याने सांभाळायचेच असतात, असे तिचे मत आहे. मात्र बोलावण्याचा आपला हक्क जात नाही, असेही ती म्हणाली.

नळदुर्गच्या खंडोबाबद्दल नाईकांनी पुन्हा दूरध्वनी करून विचारले, की गोंधळाची तिथी कोणती. या देवाची मूर्ती वर्षाचा मोठा भाग अणदूरला असते आणि काही काळ नळदुर्गला, म्हणजे मैलारपूरला नेली जाते; पौष पौर्णिमेची यात्रा तेथे भरते. आमचा गोंधळ माघात असल्याने देव अणदूरला परतलेला असणार, तेव्हा आवाहनात 'अणदूरच्या खंडेराया' असेच म्हणावे लागेल, असे त्यांनी बजावले. देव ज्या गावी नाही त्या गावी बोलावणे धाडून तो येईल कसा, हा त्यांचा युक्तिवाद मला बिनतोड वाटला.

सुनेचे माहेर निफाडकडचे. विहीणबाईंनी सप्तशृंगी लगेच सांगितली; खंडोबा चंदनपुरीचा, हे त्यांच्या सासूबाईंना विचारून कळवले. चंदनपुरी मालेगावजवळ आहे, आणि खंडोबाची दुसरी राणी बाणाई, जिला गाण्यांत बानू म्हणतात, ती तेथली. नाईकांना हे कळवले तेव्हा ते विलक्षण खूश झाले. त्यांच्या पट्ट्यातील घरे जेजुरी, पाली आणि नळदुर्ग यांच्यापलीकडचा खंडोबा सहसा सांगत नाहीत. बानूची गाणी त्यांना येत होती, परंतु चंदनपुरीच्या देवाला स्वतःचा म्हणणाऱ्या घरची मुलगी समोर बसवून ती म्हणण्याचा योग आला नव्हता. "खंडोबाची गाणी वाघ्या-मुरळीची, जागरणातली. पण सूनबाईंसाठी दोन कडवी म्हणतो," असे त्यांनी सांगितले. मुलाकडचा गोंधळ असताना मुलीच्या माहेरचे देव आधी बोलवावेत की नंतर, यावरून आमच्याकडे थोडी बोलाचाली झाली. माझ्या एका चुलत भावाला तर ते बोलवावेत हेच पटत नव्हते. नाईकांनी निर्णय दिला की आधी यजमानाचे देव आणि मग व्याह्यांचे, पण बोलावणे दोन्हीकडच्यांना. तो सर्वांनी मानला.

साहित्याच्या यादीत विशेष अडचण आली नाही. चौकासाठी, म्हणजे देवीच्या पूजेच्या मांडणीसाठी, चौरंग, नवे वस्त्र, तांदूळ, कलश, विड्याची पाने, सुपाऱ्या, हळकुंडे, खारका, खोबऱ्याच्या वाट्या, नारळ आणि खण मंडई व तुळशीबागेत एका फेरीत मिळाले. चौकाला उभी करायची उसाची पाच ताटे एका रसवंतीवाल्याने दिली, आणि कशासाठी हवीत हे कळल्यावर पैसे घेतले नाहीत. दिवटी, म्हणजे लहान मशाल, आणि तिच्या तेलाची बुधली घरचीच होती. पितळेची ती जोडी माझ्या आईने पुण्याला येताना आणली होती आणि ती माळ्यावर एका जुन्या पेटीत सापडली. दिवटीला गुंडाळायला धुतलेले जुने सुती कापड लागते. घरात सुती धोतर नेसणारे कोणी उरले नसल्याने आत्याचे एक नऊवारी फाडावे लागले.

जागेची व्यवस्था मात्र किचकट ठरली. ध्वनिक्षेपकांना रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत मनाई असते, आणि आमच्या संकुलाच्या पदाधिकाऱ्यांनी दहानंतर वाद्यही वाजता कामा नये अशी अट घातली. रात्रभराचा विधी चार तासांत बसवायचा, म्हणजे काय गाळायचे हे आधी ठरवणे आले. नाईकांनी सांगितले की गणेशस्तवनाचा गण, आवाहन, जोगवा आणि आरती यांना हात लावता येणार नाही. कमी करायचे ते उत्तररंगातले, म्हणजे दुसऱ्या भागातले, आख्यान. शहरातील गोंधळांत त्यांना हे नेहमीच करावे लागते. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे आख्यान लांबवणे सोपे आहे, आखडणे अवघड, कारण ऐकणाऱ्याला कथा तुटल्याचे कळता कामा नये.

शुक्रवारी दुपारी गोंधळी आले. नाईक, संबळवाले, तुणतुणेवाले, आणि टाळ वाजवून झील, म्हणजे पालुपदाची साथ, धरणारे दोघे. त्यांतला एक नाईकांचा मुलगा, अभियांत्रिकी पदविकेच्या शेवटच्या वर्षाला होता आणि परीक्षेची पुस्तके बरोबर घेऊन आला होता. चहा झाल्यावर त्यांनी आत्याला विचारून जोगव्याची तयारी केली. आमच्या घरची परडी आत्याकडे आहे; गोंधळाच्या दिवशी तिने पाच घरी जोगवा मागायचा असतो. गावात पाच घरे म्हणजे शेजारची वाडेवस्ती. येथे तिने लिफ्टने चौथ्या मजल्यावर जाऊन एकेका दारापुढे उभे राहायचे होते, आणि मला वाटत होते की ती संकोचेल. ती अजिबात संकोचली नाही. कपाळभर कुंकू, गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी, आणि घंटी दाबल्यावर दार उघडेपर्यंत वाट न पाहता तिने जोगव्याचे पद सुरू केले. संत एकनाथांनीही जोगव्यावर रचना केली आहे. आत्या म्हणते ते पद निराळे, तिच्या सासूकडून आलेले आणि कोठे छापलेले मी पाहिले नाही असे. आवाज आता फार थकला आहे, पण जिन्याच्या पोकळीत तो घुमला आणि वरच्या-खालच्या मजल्यांवरची माणसे कठड्याशी येऊन उभी राहिली. पाच घरांपैकी एक तमिळ कुटुंबाचे होते. त्या बाईंना शब्द कळले नसावेत. मात्र काय द्यायचे हे त्यांना सांगावे लागले नाही. त्या आत जाऊन ताटात तांदूळ, हळद आणि कुंकू घेऊन आल्या, आणि परडीत तांदूळ घातल्यावर त्यांनी आत्याला वाकून नमस्कार केला. संपूर्ण दिवसातील गायनात मला हे सर्वांत खरे वाटले, आणि त्याला ना ध्वनिक्षेपक होता, ना साथ.

सहा वाजता सभागृहात चौक मांडून झाला. उसाची ताटे वर एकत्र बांधलेली, मध्ये कलश आणि देवीचा टाक, समोर मुलगा व सून गाठ बांधून बसलेले. नाईकांनी पायघोळ अंगरखा, पागोटे आणि कवड्यांच्या माळा घातल्या. दिवटी पेटवून ती त्यांनी मुलाच्या हाती दिली आणि बुधलीतून तेल घालण्याचे काम सुनेकडे सोपवले. दिवटी गोंधळ संपेपर्यंत विझू द्यायची नसते. तेल किती आणि कधी घालायचे हे मुलीने एकदाच विचारून घेतले, आणि नंतर एकदाही तिला सांगावे लागले नाही.

संबळ बंद सभागृहात किती मोठा वाजतो, याची कल्पना असलेले आम्ही मोजकेच लोक होतो. कमरेला बांधलेले ते जोडवाद्य, त्यातले एक उंच स्वराचे आणि एक खर्जाचे. ध्वनिव्यवस्था पाहणाऱ्या मुलाने त्याच्यापुढेही ध्वनिग्राहक ठेवला होता. नाईकांनी तो स्वतः उचलून दूर केला आणि एकच ध्वनिग्राहक शब्दांसाठी राहू दिला. त्यांनी आणखी एक गोष्ट केली. खुर्च्यांवर बसलेल्या बायकांना पुढे बोलावून चौकाभोवती सतरंजीवर बसवले. गाणे मागे बसलेल्यांना ऐकू जावे यापेक्षा पुढच्यांनी ते उचलावे, याकडे त्यांचे लक्ष होते.

पहिला गण झाला तेव्हा पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. नाईक थांबले, हात जोडले आणि म्हणाले, "मंडळी, टाळ्या आमच्यासाठी झाल्या. आईसाठी उदो म्हणा." मग 'आई राजा उदो उदो' आणि 'सदानंदीचा उदो उदो' हे दोन घोष त्यांनी सर्वांकडून म्हणवून घेतले. आधी आवाज तोंडातल्या तोंडात निघाला. तिसऱ्या खेपेस मागच्या रांगेतील तरुण मुलेही जोरात म्हणू लागली. झीलकरी ज्या ठिकाणी पालुपद उचलतात तेथेच श्रोत्यांचा उदो बसला पाहिजे, नाहीतर नाईकाला श्वास घ्यायला जागा राहत नाही. गोंधळात श्रोत्यांवर हे खरोखरीचे काम असते, आणि ते आमच्या पाहुण्यांना जमायला अर्धा तास गेला.

मग आवाहन सुरू झाले. परिचित नावे द्रुत लयीत गेली. बार्शीच्या भगवंताचे नाव आले तेव्हा गावाकडून आलेल्या मंडळींत हालचाल झाली. मारुती, मरीआई, म्हसोबा, विहिरीवरच्या साती आसरा. नाईकांनी कागद वगैरे काही हाती घेतलेला नव्हता. मी वाचून दाखवलेली यादी त्यांनी लयीत बसवून पाठ केली होती, आणि 'साती आसरा' हे शब्द जेथे लांब पडत होते तेथे तुणतुण्याने एक मात्रा वाढवून घेतली. 'अणदूरच्या खंडेराया' म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिले. त्यानंतर वणीच्या डोंगरावरची सप्तशृंगी आणि चंदनपुरीचा खंडेराय. ही नावे येतील असे सुनेला आम्ही सांगितले नव्हते. ती तेल घालता घालता क्षणभर थांबली, आणि विहीणबाई व त्यांच्या सासूबाई या दोघींनी इतक्या मोठ्याने उदो म्हटला की नाईकांनी ती ओळ पुन्हा घेतली. बानूवरची दोन कडवी त्यांनी लगेच जोडली. निफाडकडच्या बायकांना त्यातले पालुपद येत होते, मात्र थोड्या वेगळ्या चालीत, आणि काही वेळ दोन्ही चाली एकमेकींवर आदळत राहिल्या. संबळवाल्याने शेवटी त्यांचीच चाल धरली. माझ्या ज्या चुलत भावाचा या नावांना विरोध होता, तोही टाळ मागून घेऊन वाजवत होता.

एक गोष्ट मला रुचली नाही, ती नोंदवतो. मध्येच पाहुणे पुढे येऊन ताटात पैसे ठेवत आणि अमुक पाहुण्यांकडून इतके रुपये, असे नाईक गाणे थांबवून जाहीर करीत. रंगत चाललेले पद असे वारंवार तुटत होते. आत्याला हे बोलून दाखवले, तर तिने उत्तर दिले की नावे घेतली नाहीत तर पाहुणे रुसतील, आणि रुसलेले पाहुणे देवांपेक्षा अवघड. गोंधळ्यांचे पोट बिदागीइतकेच या ओवाळणीवर चालते हे खरे आहे. तरीही माझे मत कायम आहे, की ही नावे दोन पदांच्या मधल्या विरामात एकदम घ्यावीत.

आख्यानासाठी नाईकांनी हरिश्चंद्र सुचवला होता. आत्याने ऐनवेळी जांभूळ आख्यान मागितले, आणि नव्या सुनेसमोर ही कथा कशाला, असे दोघा-तिघांनी कुजबुजून सांगितले. कथा द्रौपदीची आहे: पाच पती असूनही कर्णाला पाहून तिच्या मनात तो सहावा असता तर, असा विचार येतो, कृष्ण ते ओळखतो, आणि झाडावरून तोडलेले जांभूळ पुन्हा देठाला लागावे म्हणून प्रत्येकाला आपल्या मनातले खरे बोलावे लागते. ते द्रौपदीने मनातले बोलल्यावरच लागते. आत्याचे म्हणणे असे, की तिच्या लग्नाच्या गोंधळात तिने हेच ऐकले होते आणि सुनेने ऐकावे असे यापेक्षा दुसरे काही नाही. नाईकांनी ते घेतले. गोंधळाच्या आख्यानात एक साथीदार भोळेपणाचे सोंग घेऊन प्रश्न विचारत राहतो आणि त्या प्रश्नोत्तरांतून विनोद साधतो. येथे ते काम नाईकांच्या मुलाने केले, आणि जांभळाच्या किलोच्या भावावरून त्याने मंडईपर्यंत जी मजल मारली तिने सभागृह हसत राहिले. द्रौपदीच्या कबुलीपाशी येताच मात्र संबळ एकदम बंद झाला आणि फक्त तुणतुण्याची तार राहिली. आख्यान पाऊण तासात संपले. कोठे काय गाळले हे मला कळले नाही. आत्याला कळले, आणि तिने जेवताना नाईकांना त्या गाळलेल्या जागा एकेक करून सांगितल्या.

पावणेदहाला आरती झाली. दिवट्या ओवाळल्या, जोडप्याने चौकाला प्रदक्षिणा घातली, आणि आरतीनंतर दिवटी दुधाने शांत केली. जेवणात पुरणपोळी व कटाची आमटी होती. बिदागी म्हणून नाईकांनी ठरावीक रक्कम सांगितलेली नव्हती. प्रवासखर्च, शिधा, चौकावरचे धान्य आणि वस्त्र, आणि शिवाय यजमानाच्या मनाला येईल ते. शहरातल्या मंडळींनी मागितलेल्या आकड्याच्या आसपास मी रक्कम दिली. ती जास्त झाली असे त्यांनी म्हटले आणि ठेवून घेतली.

निघण्यापूर्वी त्यांच्या मुलाने बरोबरच्या पुस्तकांतून एक जाड वही काढली आणि आमच्या देवांची नावे तीत लिहून घेतली, सुनेच्या माहेरच्या दोन देवांसह. त्यांच्याकडच्या सर्व घरांच्या याद्या अशा लिहून ठेवण्याचे काम त्याने अलीकडेच सुरू केले आहे. वडील अजून तोंडपाठ ठेवतात, आपल्याला ते जमेलच असे नाही, असे तो म्हणाला. मीही ती यादी नीट टंकून सर्व चुलत भावंडांना पाठवली, कारण पुढच्या वर्षी धाकट्या पुतण्याचे लग्न आहे. दुसऱ्या दिवशी आत्याने ती वाचून घेतली आणि दुरुस्ती सांगितली: मरीआईच्या आधी वेताळ हवा होता, तो तिच्याकडूनच राहिला होता, आणि पुतण्याच्या गोंधळात तो पहिल्यांदा घ्यायचा.